डाग निघालेलं पोवळं

आमची वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. धुतलेली चादर दोन्ही हातांनी उजेडासमोर धरायची आणि डाग दिसला की पुन्हा पाण्यात टाकायची. हाताखालच्या बायका तिला माघारी ‘भिंग’ म्हणत. निवृत्त झाल्यावर तिला धुवायला उरला फक्त माझा थोरला भाऊ, आणि तो काही रोज हाती लागत नसे.

अशात माझा पुतण्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि त्याची काचेची टाकी वहिनीकडे, त्याच्या आईकडे, सोडून गेला. आत समुद्राचं पाणी, म्हणजे गाळलेल्या पाण्यात खास मीठ घालून केलेलं. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि खडकावर पोवळी. ती दिसतात झुडपांसारखी, पण असतात जिवंत प्राणी. दर पंधरवड्याला एक बादली पाणी बदलायचं, एवढं त्याने समजावलं. निघताना म्हणाला, “आई, पाणी तेवढं स्वच्छ ठेव.”

हे वाक्य वहिनीला सांगायचं नसतं.

ती एक दिवसाआड पाणी बदलू लागली. मी शेजारीच राहतो. जन्मभर पाइप जोडले, त्यामुळे पाणी कोण कसं हाताळतं ते मला कळतं. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळणं, बादलीतलं पाणी टाकीइतकंच कोमट करणं, तळाची वाळू उठू नये म्हणून बारीक धारेने ओतणं. गाळणीचा स्पंज तर निथळतं पाणी नितळ दिसेपर्यंत पिळायची. काम नेटकं होतं. मला खोट काढता आली नाही, आणि मी काढतो.

पाण्यात माशांची घाण किती उरली ते तपासायची एक पेटी होती. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. घाण असली तर रंग चढतो. वहिनीची नळी आधी गुलाबी आली, मग फिकी, मग तिला रंगच येईना. तिने ती उजेडासमोर धरली.

“भाऊजी, शून्य!”

“शाब्बास,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग मोठं पोवळं उजळू लागलं. तपकिरीचं बदामी झालं, बदामीचं पांढरं. वहिनी हरखली.

“बघा! पोरानं कधी नीट धुतलंच नव्हतं. निघाला की नाही डाग?”

“आता थोडी नीळ घाल,” भाऊ पेपरामागून म्हणाला.

तिने कौतुकाने पोराला फोनवर पोवळं दाखवलं.

“आई, ते मरतंय.”

“मरतंय कसलं? केवढं पांढरं झालंय!”

“म्हणूनच. राहू दे आता. ज्याच्याकडून टाकी घेतली तो दुकानदार रविवारी येऊन घेऊन जाईल.”

वहिनीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेलीच होती. ती पुन्हा घासली. टाकीतला धाकटा मासा तिने काचेला बोट लावलं की बोटापाशी यायचा. भावाला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्या माशाला ठाऊक होत्या. आता तो जाणार होता. मग तिने तिला येतं तेच केलं. रोज पाणी बदलू लागली. भावालासुद्धा बादली उचलावी लागली, यावरून ओळखा.

रविवारी दुकानदार रिकामी पिंपं घेऊन आला.

“काकू, पाणी किती वेळा बदलता?”

“आता रोज.”

“आणि तपासता?”

“शून्य येतं,” वहिनी ताठ मानेने म्हणाली.

त्याने स्वतः तपासलं. “खरंच शून्य आहे.”

“मग?”

“मग खायचं काय त्यानं? अहो, पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. तपकिरी रंग त्याचाच. ते माशांच्या घाणीवर वाढतं आणि पोवळ्याला पोसतं. तुम्ही रोज ताट घासून ठेवलंत, वाढलं काहीच नाही.”

“म्हणजे मी घाण करू?”

“करू नका. होऊ द्या.”

“तिला नाही जमायचं,” भाऊ म्हणाला. “तुम्ही टाकी न्याच.”

“तुम्ही गप्प बसा,” वहिनी म्हणाली. “जमेल मला.”

अशा अवस्थेत पोवळं हलवलं तर वाटेतच जाईल, असं दुकानदारालाही वाटत होतं. त्याने महिन्याची मुदत दिली. पाणी पंधरवड्यानेच बदलायचं, माशांना चिमूटभर जास्त खायला घालायचं, बाकी हात लावायचा नाही.

काचेवर हिरवट थर चढू लागला. वहिनी समोर बसायची, हात मांडीवर. मग एकदम उठायची आणि पंखे पुसायची. पंखे संपले, जिन्याचा कठडा झाला, मग ती माझ्या घरात शिरली. माझे पाइप आवळायचे पाने साबणाने धुतले, त्यांवरचं तेलसुद्धा काढलं. मी खांद्यावरून लोखंड वाहिलंय, पण समोर काम दिसत असताना नुसतं बसणं मला कधी जमलं नाही.

एका सकाळी ती स्पंज घेऊन टाकीसमोर उभी दिसली.

“वहिनी!”

“नुसती काच हो.”

मी हात पुढे केला. तिने स्पंज दिला. “तुमच्याकडेच ठेवा. मागितला तरी देऊ नका.” दुपारी येऊन मागितला. मी दिला नाही. दोन दिवस माझ्याशी अबोला होता.

तो सुटला तेव्हा तिच्या हातात नळी होती. गुलाबी. पोवळ्याच्या बुडाशी चहा सांडल्यासारखी तपकिरी छटा आली होती. महिना भरला तेव्हा ती अर्ध्यापर्यंत चढली. दुकानदाराने वाकून पाहिलं आणि तिथूनच पुतण्याला फोन लावला.

“टाकी इथेच राहू दे. बरी आहे.”

वहिनीने फोन त्याच्या हातातून घेतला. “तू ये सुट्टीला. पण नुसतं बघायचं. पाण्याला हात लावलास तर याद राख.”

जाताना दुकानदाराने तिला पुढची काच आठवड्यातून एकदा पुसायची परवानगी दिली.

“दोन्ही बाजूंनी?” वहिनीने विचारलं.