बिनबट्ट्याचे आतोबा

पहाटे उठल्याबरोबर महादेव कैलासावर पहिलं काम कोणतं करत असेल, असं आमच्या आतोबांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी पापणीही न लववता सांगितलं असतं, "कालची शिल्लक मोजत असंल." तेरणेच्या दोन्ही काठांवर इतका हिशेबी माणूस झाला नाही आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तेरला त्यांचं किराणा दुकान होतं. डोक्याला पटका, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि तोंडात सदैव अपूर्णांक, असं त्यांचं ध्यान. पूर्णांकात बोलणं त्यांना उधळपट्टी वाटत असावी. आत्यानं "भात किती वाढू?" म्हटलं की "कालच्या सव्वापट" असं उत्तर यायचं, आणि आत्या बिचारी हातात डाव घेऊन कालचा भात आठवत उभी राहायची. एकदा त्यांचं पोट दुखायला लागलं म्हणून हकीमसाहेबांना बोलावलं. त्यांनी नाडी धरून विचारलं, "अब दर्द कैसा है?" आतोबा कण्हत म्हणाले, "सुबू से पाव कम." हकीमसाहेबांनी औषधाची पुडी काढली आणि तिचे पैसे सांगितले. ते ऐकताच आतोबा ताडकन उठून बसले आणि उरलेलं पाऊण दुखणं बाजूला ठेवून त्यांनी पुडीचा भाव निम्म्यावर आणला. नंतर पुडी घेतली की नाही ते मला आठवत नाही.

सुट्टी लागली की आम्ही भाचरं धाराशिवहून तेरला जायचो. दारात पाय ठेवला की कुशल विचारायच्या आधी प्रश्न यायचा, "सात औटं?" औट म्हणजे साडेतीन. "साडेचोवीस" म्हणणाऱ्याला घरात प्रवेश, अडखळणाऱ्यानं ओसरीवर बसून सगळी औटकी म्हणायची. आत्या आतून ओरडायची, "अवं, पोरं उन्हाची आल्यात, पयलं पाणी तर द्या!" त्यावर ते शांतपणे म्हणत, "पाणी कुठं पळून चाललंय? पाढा पळतो." शाळेत आमचं गणित उर्दूतून चालायचं. तिथं गुणाकाराला जरब म्हणत आणि भागाकाराला तकसीम. मास्तरांच्या हातात छडी असल्यामुळं मराठीतली जरबही तिथं भरपूर होती. आतोबांकडं छडी नव्हती, नुसते पावकी, निमकी आणि दिडकीचे पाढे होते. दोन्हीकडची उत्तरं सारखीच येतात हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. तोवर मी समजत होते, की शाळेतलं गणित पास होण्यासाठी असतं आणि आतोबांचं जेवायला मिळण्यासाठी.

त्या काळी आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चाले. सरहद्द ओलांडून बार्शीकडं किंवा सोलापूरकडं गेलं की तिथं इंग्रजांचा कलदार. सात हाली मोजले की सहा कलदार मिळत. हा जो मधला फरक, त्याला बट्टा म्हणत. आतोबा माल सोलापूरहून आणत, त्यामुळं दोन्ही नाणी त्यांच्या गल्ल्यात असत आणि गावातलं कुणी पलीकडं निघालं की त्यांच्याकडूनच हालीचे कलदार करून घेई. बट्टा त्यांनी कुणाला सोडला नाही. एकदा मठातले जंगमस्वामी सोलापूरला निघाले होते, ते दुकानात आले. आतोबा धावत खाली उतरले, स्वामींच्या पाया पडले, त्यांना गादीवर बसवलं, दूध दिलं, आणि मग त्यांच्याकडून चोख बट्टा वसूल केला. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर ती धुमसत होती. आतोबा म्हणाले, "पाया पडणं येगळं, बट्टा येगळा. स्वामींला आवडतंय चोख." माणसंही ते याच मापानं मोजत. नातलगांत एका मुलीला स्थळ आलं. मुलगा देखणा, बोलायला गोड, अंगात रेशमी शेरवानी. सगळं घर खूश. आतोबांनी त्याला एकदाच पाहिलं आणि आत येऊन म्हणाले, "दिसाया कलदार हाय, पण चालायचा हाली." ते लग्न काही जमलं नाही, आणि मुलाकडची मंडळी आतोबांशी कायमची बोलायची बंद झाली. त्यामुळं दिवाळीचा एक फराळ वाचला, असं आतोबांचं म्हणणं.

देवघराच्या शेजारी फळीवर त्यांनी चार गाडगी ओळीनं मांडलेली होती. एक घरखर्चाचं, एक शिल्लकीचं, एक दुखण्याखुपण्याचं, एक धर्माचं. दुकानातून सुटलेला पैसा घरात आला की आधी शिल्लकीच्या गाडग्यात पडायचा, मग दुसऱ्यांत. "लोकं आधी खरचत्यात आन उरलं तर ठिवत्यात," ते आम्हाला सांगत, "म्हणून उरत न्हाय. आधी ठिवायचं, ऱ्हायलेल्यात भागवायचं. हेवढंच हाय, बाकी सगळी बडबड." हे ठीक होतं. पण घरखर्चाचं गाडगं रिकामं झालं तर ते धर्माच्या गाडग्यातून रीतसर कर्ज काढत आणि महिनाअखेर व्याजासकट फेडत. एका वर्षी शिल्लकीच्या गाडग्यानं दुखण्याच्या गाडग्याला दिलेलं कर्ज थकलं, तेव्हा आतोबांनी दुखण्याच्या गाडग्याला मुदत वाढवून द्यावी की नाही यावर दोन दिवस विचार केला. आत्या आम्हाला म्हणायची, "लोकाच्या घरात जावाजावा भांडत्यात. माझ्या घरात गाडगी भांडत्यात, आन तंटा म्या मिटवते." ती तो चोरून मिटवत असे, आपल्या पदराच्या गाठीतून दोन पैसे टाकून.

धंदा म्हणजे काय हे मी त्यांच्याकडूनच शिकले, तेही रडून. एका उन्हाळ्यात त्यांनी मला आठ आणे भांडवल दिलं आणि बाजारात बसायला सांगितलं. पोरीला बाजारात बसवताय, असं कुणीतरी म्हणालं. आतोबा म्हणाले, "हिसाबाला कुठं मिश्या असत्यात?" मी आठ आण्यांच्या कैऱ्या घेतल्या, फोडी करून तिखटमीठ लावलं आणि संध्याकाळपर्यंत सगळा माल संपवला. गल्ला साडेबारा आण्यांचा झाला. साडेचार आणे नफा! मी धावत घरी आले. आतोबांनी पैसे घेतले, आपले आठ आणे बाजूला काढले आणि उरलेले समोर पसरले. "बसायला गोणपाट कुणाचं?" "तुमचं." त्यांनी एक आणा उचलला. "तिखटमीठ?" "आत्याचं." अर्धा आणा आत्याकडं गेला. "तू किती फोडी खाल्ल्या?" मी खरं ते सांगितलं. मैत्रिणींना वाटलेल्याही सांगितल्या. आणखी एक आणा गेला. राहिले दोन. आतोबा म्हणाले, "आन दिवसभर बसलीस, त्याची मजुरी दोन आणे. नफा किती ऱ्हायला?" नफा काहीच राहिला नव्हता. मी ओसरीवर बसून मोठ्यानं रडायला लागले. त्यांनी ते दोन आणे माझ्या मुठीत दाबले आणि म्हणाले, "रडतीस कशाला? हे तुझंच हाय. पण हेला नफा म्हणू नगंस. ही तुझी मजुरी. लई जणं धंद्यात जन्म काढत्यात आन मजुरीलाच नफा म्हणत मरत्यात." पुढच्या बाजारी मी घरचं जुनं पोतं नेलं, एकही फोड खाल्ली नाही, आणि मला खरोखरच नफा झाला. त्या दिवशी आतोबा मला "सावकारीणबाई" म्हणाले. ती हाक पुढं बरीच वर्षं टिकली.

अशा माणसाकडं एका दुपारी वडील मला घेऊन आले. मला मास्तरीण व्हायचं होतं. सोलापूरला मुलींच्या ट्रेनिंगच्या शाळेत मला जागा मिळाली होती आणि बोर्डिंगचा खर्च महिन्याला बारा रुपये, असं तिथून कळलं होतं. वडील धाराशिवला कचेरीत कारकून. माझ्यामागं तीन भावंडं. वडिलांनी सगळी ओढाताण करून ठरवलं होतं की बारा रुपये निघतील, त्यावर पैसाही निघणार नाही. माझी ट्रंक भरलेली होती. रात्र तेरला काढायची, सकाळी छोट्या रुळांच्या गाडीनं कुर्डूवाडी आणि तिथून सोलापूर. ओसरीवर बसून वडिलांनी हे सगळं अभिमानानं सांगितलं. आतोबांनी एकच विचारलं, "बारा कुठले?"

"कुठले म्हणजे?"

"पावणं, सोलापूरचं बोर्डिंग. बारा कलदारच मागणार की ते. तुमच्याकडं बारा हाली हायेत."

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांच्या पगारात, घरात, बोलण्यात सगळीकडं हालीच. बारा म्हटल्यावर त्यांना दुसरे बारा सुचलेच नव्हते, आणि मला, आतोबांच्या सावकारीणबाईलाही, ते सुचलं नव्हतं. बारा कलदार म्हणजे चौदा हाली. महिन्याला दोन रुपये कमी पडत होते. वडील म्हणाले, "मग राहू दे. उद्या परत जाऊ." मी ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून बसले होते.

आत्या दारातून म्हणाली, "अवं, दोन रुपयाचा तर सवाल हाय. आपण देऊ की."

वडील एकदम ताठ बसले. "अक्का, तो विषय काढू नकोस. बहिणीच्या घरून पैसे नेऊन मी मुलगी शिकवणार नाही. दाजी, रागावू नका." वडील तसे मवाळ होते, पण या बाबतीत ते आयुष्यभर हलले नाहीत. बहिणीकडं जाताना काहीतरी न्यायचं, तिथून काही आणायचं नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. माझं शिक्षण तिथंच, त्या ओसरीवर संपलं असं मला वाटलं.

तेव्हा आतोबा खाकरले. "पैसं कोण देतंय?" ते म्हणाले. "म्या कुणाला फुकट काय देत न्हाय, गावाला ठाव हाय. म्या तर धंद्याचं बोलतुया. पावणं, तुमी मला हितं दर महिन्याला बारा हाली द्यायचे. सोलापूरला माझा व्यापारी पोरीला बारा कलदार मोजंल. आता हिसाब आयका. तुमच्या बारा हालीतनं सातवा हिस्सा बट्टा गेला. ऱ्हायले धा कलदार आन वर चिल्लर. बराबर? आता म्या सोलापूरला माल घेतो, तवा तोच बट्टा मला उलटा मिळतो. सहावा हिस्सा. त्या धा आन चिल्लरीत सहावा हिस्सा घातला, की झाले किती? बारा. जाताना गेला, येताना आला. बाराचे बारा. ह्यात माझं जातंय काय?"

हे सगळं त्यांनी इतक्या झपाट्यानं आणि रुबाबात सांगितलं, की दारातल्या मांजरालाही पटलं असतं. पण मी त्यांचीच शिकवलेली होते. मला चूक लगेच दिसली. शेवटी जे बारा झाले, ते पुन्हा हालीच झाले होते. आतोबांनी ते अलगद उचलून कलदारांच्या जागी ठेवले होते. बट्टा कुठूनही उलटा येत नव्हता. महिन्याला दोन रुपये त्यांच्या गल्ल्यातून जाणार होते. ज्या माणसानं स्वामींना दमडी सोडली नाही तो माणूस भरदिवसा, चारचौघांत, उघड उघड चुकीचं गणित करत होता. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "का गं सावकारीणबाई, तू सांग. हिसाब बराबर हाय का न्हाय?"

मी म्हणाले, "व्हय आतोबा, बरोबर आहे."

"झालं तर मग," असं म्हणून ते दुकानात निघून गेले. वडील माझ्याकडं पाहत म्हणाले, "दाजींचा हिशेब आहे, चुकायचा नाही." आत्यानं लगेच आत जाऊन पोह्याला फोडणी दिली.

दोन वर्षं त्या व्यापाऱ्यानं मला बारा कलदार मोजून दिले, एकदाही उशीर केला नाही. मी मास्तरीण झाले. पुढं संस्थान गेलं, हाली रुपया गेला, बट्टाही गेला. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून मी एकदा अठ्ठेचाळीस रुपये घेऊन तेरला गेले आणि आतोबांच्या पुढ्यात ठेवले. ते तेव्हा थकले होते, दुकान मुलाकडं होतं. "हे कसले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "बाराच्या बारांचे. महिन्याला दोन, अशी दोन वर्षं." त्यांनी पैसे मोजले, दोनदा मोजले, आणि नापसंतीनं मान हलवली. "मास्तरीण झालीस तरी हिसाब कच्चाच. ते हाली हुते. अठ्ठेचाळीस हालीचे कलदार एक्केचाळीस रुपये आन दोन आणे. वरचे कुणाचे आणलेस?" मी हसले आणि म्हटलं, "बरं, एक्केचाळीस रुपये दोन आणे घ्या." त्यावर ते तक्क्याला टेकून म्हणाले, "घेतले तर माझा हिसाब चुकला हुता, असं हुईल. ह्या वयात म्या चुकायला तयार न्हाय. उचल ते." मी खूप आर्जवं केली. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग आणलं.

आतोबा गेले तेव्हा मी वडिलांबरोबर तेरला जाऊन आले. परतताना स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. माझ्यानं राहवेना. मी वडिलांना सगळं सांगितलं, शेवटचे बारा कसे हाली होते, दर महिन्याला दोन रुपये कुणाच्या पदरचे गेले. वडिलांनी उपरण्याची घडी घातली. मग म्हणाले, "बाई, मी जन्मभर कचेरीत आकडेच लिहिले. मला ते त्याच वेळी दिसलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलणार होतो. तेवढ्यात दाजींनी तुला विचारलं, आणि तू व्हय म्हणालीस. तुझं तोंड बघितलं अन् मला बोलवेना."

आत्याला मी कधी विचारलं नाही. पण फोडणीची ती घाई पाहता तिलाही कळलं असणार, असं मला आता वाटतं. त्या दुपारी ओसरीवर आम्ही चौघं होतो. हिशेब चुकीचा आहे हे चौघांनाही ठाऊक होतं. चौघांनी मिळून तो बरोबर धरला, म्हणून मी मास्तरीण झाले.