इंजिनाला पाजलेला नारळ

माझ्या धाकट्या भावाचा, नितीनचा, साखरपुडा मी मोडला नाही. मोडता मोडता वाचला, पण त्याचंही श्रेय माझं नाही.

नितीनला इतके नकार आले होते की आईनं नवस बोलायचंही सोडून दिलं होतं. शेवटी वैशाखरे गावची मनीषा हो म्हणाली. तिच्या वडलांनी निरोप धाडला, "मुहूर्त चुकवू नका. वेळ न पाळणाऱ्याच्या घरात मी पोर देत नाय."

म्हणून शहापूरहून सकाळीच निघायचं ठरलं. आई म्हणाली, "सुरेश, गाडीपुढं नारळ फोड, पानी चाकांवर शिंपड." आता चाकांचं काय, ती नुसती फिरतात! खरे कष्ट इंजिनाचे. (मी शिंपी असलो तरी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहतो.) आमच्या व्हॅनचं इंजीन पुढच्या सीटखाली असतं. मी सीट उचलली आणि अख्खा नारळ भक्तिभावानं इंजिनाला पाजला.

वाटेतलं किन्हवली गाव सोडलं आणि गाडी उचक्या द्यायला लागली.

"मिसिंग मारतेय," मी म्हणालो. "पेट्रोलमध्ये भेसळ."

"दादा, नारळाचं पानी तर प्लगात गेलं नसंल?" नितीन हळूच म्हणाला.

"देवाच्या पाण्यानं गाडी बिघडते काय रे? गप बस."

पेट्रोल झालं, मग मी एअर फिल्टरला नावं ठेवली. तो काढून झटकला. आईची पैठणी काळी झाली, गाडी होती तशीच. मग मी व्हिडिओतला हुकमी उपाय काढला. इंजीन चालू ठेवून प्लगची एकेक वायर उपसायची. जिच्यानं आवाज बदलत नाही, तिथला प्लग मेलेला. पहिल्याच वायरीनं मला असा झटका दिला की मी रस्त्यावर बसलो आणि सगळ्या वायरी माझ्या मुठीत!

"आता कुठली कुठं लावायची?" नितीनचा चेहरा पांढराफटक.

"दोऱ्याचे गुंते सोडवण्यात जन्म गेला माझा," मी म्हणालो आणि दिसायला बऱ्या दिसतील अशा लावून टाकल्या.

गाडी ठसके देत, रडतखडत वैशाखऱ्याला पोचली. मुहूर्त टळून गेलेला. अंगणात मनीषाची आई ओवाळायला उभी, वडील हाताची घडी घालून. मी गाडी बंद केली आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की अंगण हादरलं. ओवाळणीचं ताट उडालं, बैल दावं तोडून मांडवातून आरपार गेला आणि व्याही नव्या धोतरासकट शेणाच्या पाटीत बसले. मला तर वाटलं, गेलं सगळं, भाऊ जन्मभर माझं तोंड बघणार नाही.

व्याही उठले. "लेट येता ते येता, वर बॉम्ब फोडता? आमी नाय देनार पोर."

तेवढ्यात मनीषा बाहेर आली आणि आमच्या आईची काळी पैठणी पाहून म्हणाली, "गाडी कोनी दुरुस्त केली?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडं. आईचं तर सगळ्यात आधी.

"आनि यांनी?" तिनं नितीनकडं पाहिलं.

"त्याला गाडीतलं काय बी कळत नाय गो," आई म्हणाली.

"मंग बाबा, मानूस चांगला हाय. जे कळत नाय त्याला हात लावत नाय. माझा होकार हाय." मग माझ्याकडं वळून, अगदी आदरानं, "भाऊजी, एकच अट. लग्नाला तुमी गाडीनं येऊ नका."

लग्नाला सगळं वऱ्हाड गाड्यांनी गेलं आणि नवरदेवाचा सख्खा थोरला भाऊ एसटीनं. आयुष्यात पहिल्यांदा मी वैशाखऱ्याला वेळेवर पोचलो.