ब्रेकच्या नटावरची पिवळी रेघ

फूटपट्टीकडे गाडी न्यायची म्हणजे आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी हवी. टेकाडांवर, दगडामातीतून पळवायच्या गाड्या तो नीट करायचा, पण इंजिनात त्याचा जीव नव्हता. त्याचं सगळं लक्ष पायांकडे. डाव्या बुटापुढची गिअरची दांडी, उजव्या बुटाखालचं ब्रेकचं पेडल आणि ज्यांवर माणूस उभा राहतो ते दोन फूटरेस्ट, एवढंच त्याचं जग. खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी असायची, म्हणून लोकांनी त्याला ते नाव ठेवलं. त्यालाही ते आवडत असावं, पण तसं कबूल केलं तर तो फूटपट्टी कसला.

त्याची रीत ठरलेली. गिऱ्हाईकानं शर्यतीचे बूट घालून यायचं. दोघांनी गाडी दोन्हीकडून सरळ धरायची. मग गिऱ्हाईकानं फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवायचे, डोळे मिटायचे आणि मुख्य म्हणजे तोंड मिटायचं. "बसून मापलेला ब्रेक खुर्चीला लाव," तो म्हणायचा. "दगडातून उतरताना तू बसणार आहेस का?" स्वतः उकिडवा बसून तो बुटाचं टोक आणि पेडल यांच्यातलं अंतर पट्टीनं घ्यायचा. पेडल उंच राहिलं तर नुसत्या धक्क्यानं पाय टेकतो आणि मागचं चाक जाम होतं. खाली गेलं तर ऐन वेळी पायाला सापडत नाही. गिअरची दांडी काढून दात्यांवर एक घर इकडे की तिकडे बसवायची, यावर तो अर्धा तास घालवायचा.

कोणी चुकून म्हणालंच, "जरा वर वाटतोय," तर संपलं. "वाटतंय ते घरी जाऊन सांग. पाय खरं बोलतो, तोंड वाट्टेल ते बोलतं."

काम झालं की तो नट आवळायचा आणि बारीक कुंचल्यानं नट आणि दांडा या दोन्हींवरून एकच पिवळी रेघ ओढायचा. नंतर कोणी नट हलवला तर रेघेचे दोन तुकडे होणार. म्हणजे बिघडलं तर बोट कुणाकडे दाखवायचं, ते आधीच ठरलेलं. ते त्याच्याकडे नाही, हे वेगळं सांगायला नको.

या माणसानं लग्न केलं नाही. केलं असतं तरी बाईनं आठवडाभरात पट्टी मोडून माहेर गाठलं असतं. घराच्या खालच्या दोन खोल्यांत तो राहायचा आणि वरच्या दोन खोल्यांत त्याचा धाकटा भाऊ, बायकोसह. जिना एक, पाण्याची टाकी एक, आणि बारा वर्षं दोघांतून विस्तव जात नव्हता. एक जिन्यावर दिसला की दुसरा दार लावून घ्यायचा. टाकी भरली की धाकटा वरूनच बायकोला मोठ्यानं सांगायचा, "मोटर बंद करायला सांग त्यांना." ती बिचारी तोंड उघडायच्या आत खालून उत्तर यायचं, "कान आहेत म्हणावं आम्हाला."

धाकटा एके काळी उतरणीचा राजा होता. इतर लोक ब्रेक दाबत जिथून उतरायचे, तिथून तो उभ्यानं गाडी सोडायचा. त्याच्या गाडीला फूटपट्टीशिवाय कोणाचा हात लागत नसे. बारा वर्षांपूर्वी एका शर्यतीत, तिसऱ्या उतारावर, मागचं चाक एकदम जाम झालं. गाडी गवतात जाऊन पडली, तिला ओरखडासुद्धा नाही. धाकट्याचा उजवा घोटा मात्र खडकावर आपटून चुरला. डॉक्टरांनी तो सळ्या घालून कायमचा जाम करून टाकला. खाटेवरून धाकटा आल्यागेल्याला सांगायचा, "ब्रेक उंच होता. सख्ख्या भावानं लावलेला." फूटपट्टी दुकानासमोर उभा राहून ओरडायचा, "माझ्या मागून कोणीतरी नट फिरवलाय. गाडी आणा, रेघ तुटलेली दिसेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

गाडी काही आली नाही. धाकट्यानं ती मागच्या शेडमध्ये कुलपात ठेवली. फूटपट्टीनं पुढची बारा वर्षं ते कुलूपच पुरावा म्हणून वापरलं. खरा असता तर गाडी दाखवली असती, तो म्हणायचा.

एक गोष्ट मात्र त्यानं कधीच सांगितली नव्हती. त्या सकाळी त्यानं भावाला उभं करून मापच घेतलं नव्हतं. आदल्या दिवशी दोघांत काहीतरी बिनसलं होतं, काय ते आता त्यालाही आठवत नसे. भावाचा पाय मला माझ्या पायासारखा ठाऊक आहे, असं म्हणत त्यानं घुश्शातच गाडी स्टँडवर लावून अंदाजानं नट आवळला आणि रेघ ओढली. सुरुवातीच्या दोरीपाशी धाकटा वाकून म्हणाला होता, "दादा, ब्रेक वर वाटतोय रे." आणि तो म्हणाला होता, "वाटतंय ते घरी जाऊन सांग."

यंदा चाळिशीपुढच्यांसाठी शर्यत जाहीर झाली आणि धाकट्याच्या अंगात आलं. दोन मेकॅनिकांनी त्याला हात जोडले. जो घोटा वाकतच नाही त्याला ब्रेक कसा लावायचा? "असलं काम एकच माणूस करेल," ते म्हणाले, आणि नाव घ्यायच्या आधीच धाकट्यानं फोन ठेवला.

शेवटी भावजय खाली आली. दारातच उभी राहून म्हणाली, "भावजी, ते उद्या गाडी घेऊन दुकानात येणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात तरी ते शर्यतीत उतरणारच. मग मला दुसरा घोटाही सांभाळावा लागेल."

"येऊ दे," तो म्हणाला. "बूट घालून यायला सांग. आणि तोंड घरी ठेवून."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा लंगडत गाडी ढकलत आला. शेजारचा टायरवाला हातातला पंप तसाच टाकून बाहेर येऊन बसला. फुकटचा तमाशा कोण सोडतो? दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"इंजिन कोणी उघडलंय?" फूटपट्टीनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा बऱ्या माणसानं."

"दिसतंय. बोल्टाचे कोपरे खाल्लेत त्यानं."

गाडी बाकी धुतलेली होती. फक्त ब्रेकच्या दांड्यावर आणि नटावर बारा वर्षांची माती तशीच वाळून दगड झाली होती. फूटपट्टी खाली बसला. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून त्यानं माती पुसायला घेतली. आधी दांडा दिसला, मग नटाची एक कड दिसली, मग पिवळा रंग. त्याचा हात मंद झाला. तो पुसत राहिला, आणि दांड्यावरून नटावर, नटावरून परत दांड्यावर जाणारी रेघ त्याच्या समोर आली. फिकी झालेली, पण सलग. केसाएवढीही तुटलेली नाही.

पाना त्याच्या हातातच होता, आणि नट फिरवल्याशिवाय काम व्हायचं नव्हतं. एक झटका दिला की रेघ मोडणार, आणि ती आज मोडली की बारा वर्षांपूर्वी ती सलग होती हे कोणालाही सांगता येणार नव्हतं. त्याला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं आपलं काम करायचं होतं.

त्यानं वर पाहिलं. धाकटा त्याच्याकडेच बघत होता.

"तू ही रेघ आधी पाहिली होतीस," फूटपट्टी म्हणाला.

"त्याच आठवड्यात. कुबड्या घेऊन शेडमध्ये गेलो होतो. मग वरून चिखल थापला."

"मग दाखवली का नाहीस?"

"दाखवली असती तर तू म्हणाला असतास, मीच नवीन ओढली. तुझ्याच हातानं ती माती निघायला हवी होती." धाकटा थुंकला. "आता फिरव नट. तुला काय, हात झटकायची सवयच आहे."

फूटपट्टीचं डोकं तापलं. क्षणभर त्याला वाटलं, पाना याच्याच डोक्यात घालावा. मग तो उठला आणि टायरवाल्यावर खेकसला, "ए, बसलास काय ऐतखाऊ? इकडे ये. काय दिसतंय?"

टायरवाला बिचकत वाकला. "रेघ आहे."

"तुटलीय?"

"नाही बुवा."

"नीट बघ. बारा वर्षं तुझ्याच दुकानासमोर मी ओरडत होतो की कोणीतरी नट फिरवला. कोणी फिरवला नाही. मी माप घेतलं नाही, अंदाजानं लावला. हा म्हणाला होता वर आहे, मी ऐकलं नाही. गावभर सांग आता, एरवी सांगतोसच."

"माफ कर" असं काही फूटपट्टीच्या तोंडून निघालं नाही, आणि निघालं असतं तर धाकट्यानं ते त्याच्याच तोंडावर फेकलं असतं. फूटपट्टीनं पाना लावला आणि रेघ मोडली.

"बघत काय राहिलास? चढ वर."

टायरवाल्यानं डावी बाजू धरली, फूटपट्टीनं उकिडवं बसून उजवीला खांदा लावला. धाकटा कण्हत फूटरेस्टवर उभा राहिला. जाम घोटा लाकडासारखा सरळ होता. त्याला नुसता चवडा दाबता येणार नव्हता, अख्खा पाय गुडघ्यातून हलवावा लागणार होता. फूटपट्टीनं पेडल बरंच खाली घेतलं, टोक जरा बाहेर वळवलं, पट्टी लावली, पुन्हा लावली. माप बरोबर होतं. त्यानं नट आवळला आणि कुंचला रंगात बुडवला.

"वर वाटतोय," धाकटा म्हणाला. डोळे मिटलेलेच होते.

फूटपट्टीनं पट्टीकडे पाहिलं, ती सांगत होती बरोबर आहे. मग त्यानं ती खिशात घातली, कुंचला बाजूला ठेवला, पाना उचलला आणि नट अर्धा फेरा फिरवला.

"आता?" त्यानं विचारलं. तीस वर्षांत त्यानं हे कोणाला विचारलं नव्हतं.

"अजून."

"मर," फूटपट्टी म्हणाला, आणि त्यानं तो अजून खाली घेतला.