हाक ऐकू आली होती

राजरत्न गेल्याची बातमी आली तेव्हा मी वर्ग थांबवला नाही. मुलुंडमधल्या शाळेचं सभागृह, शनिवारची सकाळ, चाळीसेक मुलं ओळीत उभी आणि मी "एक, दोन, टाच, परत" असं ओरडत होते. राजरत्नच्या वर्गातल्या मनीषाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ताई, सर गेले. साडेसातला." मी "बरं" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि पुढचा आकडा मोजला. वर्ग संपायला अजून बराच वेळ होता, तो मी पूर्ण भरवला. एका मुलीची टाच नीट वळत नव्हती म्हणून तिला दोनदा झापलंसुद्धा. सगळी गेल्यावर जाजमं गुंडाळता गुंडाळता मी तिथंच बसले... मला न थांबणं तेवढं येतं. थांबणं हे राजरत्नचं काम होतं.

आम्ही दोघं कापोएरा शिकवायचो. हा ब्राझीलमधला खेळ आहे. लढाई म्हणा, नाच म्हणा, भांडायला बसलं तर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माणसं गोल करून उभी राहतात, बेरिंबाउ नावाचं धनुष्यासारखं एकतारी वाद्य वाजतं आणि रिंगणात दोघंजण एकमेकांवर लाथा फिरवतात, चुकवतात, हात टेकून उलटे होतात. आम्हाला तो जुहूच्या वाळूत शिकायला मिळाला. कुठल्याशा नाच-शिबिरासाठी आलेला एक ब्राझीलचा माणूस मुंबईत तीन वर्षं राहिला, त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. मी तेव्हा नुकतीच शाळेत पीटीची शिक्षिका झाले होते. राजरत्न घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचा. तो सहा फुटाला दोन बोटं कमी, मी पाच फुटाला दोन बोटं कमी. उस्ताद आमचीच जोडी लावायचा आणि लोक बघायला थांबायचे. माझी आई एकदा आली होती. घटकाभर बघून म्हणाली, "गो बाय, तो उंच झील बरो खेळता. तू नुसतीच भांडतंस." ते मला लागलं होतं, हे आज कबूल करते.

या खेळात प्रत्येकाला टोपणनाव पडतं. राजरत्नचं मी पाडलं, गोगलगाय. सगळे उड्या मारत असताना हा जमिनीलगत सरपटायचा, एक पाऊल टाकायला एवढा वेळ घ्यायचा की समोरच्याला जांभई यावी. दुसरं कुणी असतं तर रुसलं असतं. यानं ते नाव आनंदानं घेतलं. पुढे त्याच्या वर्गातली मंडळी त्याला "गोगलसर" म्हणायला लागली.

उस्ताद परत गेला आणि आमच्या वाटा फुटल्या. कापोएरात ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एक वेगवान, उंच लाथांचं, कमरेला रंगीत दोऱ्या बांधून पायऱ्या चढत जाण्याचं. ते माझं. दुसरं जुनं, हळू, जमिनीलगतचं, हूल देण्याचं. राजरत्न बिनपगारी रजा टाकून सहा महिने बेंगळुरूला एका म्हाताऱ्या शिक्षकाकडे राहिला आणि तिकडचाच होऊन आला. पिवळा टी-शर्ट, काळी पँट, पायात बूट आणि शर्ट खोचलेला. मी म्हटलं, "बँकेत चाललायस का रे?" तो म्हणाला, "नीते, खोचलेला असला की कळतं, कोण किती उलटं झालं तरी नीट राहिलं ते." मला ते तेव्हा थोतांड वाटलं. त्यानं घाटकोपरच्या टेकडीवरच्या समाजमंदिरात वर्ग सुरू केला. पहिला महिना तो कुणाला लाथ शिकवायचाच नाही. नुसतं बसवायचा, वाजवायला लावायचा, दुसऱ्याचा खेळ बघायला लावायचा. चूक दाखवायचा नाही. "त्यांची त्यांना दिसते," म्हणायचा. मी जाहीरपणे सांगत फिरायचे की हे शिकवणं नाही, हा टाइमपास आहे.

मनीषा आधी माझ्याकडे होती. बँकेत काम करणारी, चाळिशीची, अंगानं भरलेली. तिला हातांवर उलटं होता येईना. तिसऱ्या महिन्यात मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, हे तुमचं काम नाही, योगा करा." ती राजरत्नकडे गेली. आज त्याचा वर्ग तीच सांभाळते. हातांवर उलटं तिला अजून होता येत नाही. पण तिच्यासमोर रिंगणात उतरलं की आपला पाय कधी गेला आणि आपण कधी जमिनीवर आलो ते समजत नाही. राजरत्ननं मला यावरून एकदाही टोमणा मारला नाही, हे मला जास्त झोंबायचं.

आता मुद्द्याचं सांगते. इतके दिवस सांगितलेलं नाही.

त्याच्या जुन्या घराण्यात एक रीत आहे. खेळ ऐन रंगात असताना एकजण मध्येच थांबतो आणि हात पुढे करून उभा राहतो, तळवा समोरच्याकडे. ब्राझीलच्या भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थ बोलावणं. आम्ही तिला 'हाक' म्हणायचो. समोरच्यानं सावधपणे जवळ यायचं, तळव्याला तळवा लावायचा. मग दोघांनी मिळून तीन पावलं पुढं, तीन पावलं मागं चालायचं. त्यानंतर हाक देणारा वाट मोकळी करून देतो आणि खेळ पुन्हा सुरू. जवळ येणं आणि तळवा लावणं, याला राजरत्न 'ओ देणं' म्हणायचा. वेगवान घराण्यात हे सहसा करत नाहीत. पण मला ते येत होतं. राजरत्ननंच शिकवलं होतं, बेंगळुरूहून परतल्यावर पार्ल्याच्या एका बागेत, वडापाव खाता खाता. तेलकट हात लावू नको म्हणून त्यानं माझा हात त्याच्या रुमालाला पुसला होता.

सात वर्षांपूर्वी जुहूला सगळ्या वर्गांचं मिळून रिंगण होतं. माझी मुलं, त्यांचे आईबाप, त्याची पंधरावीस माणसं. आम्ही दोघं उतरलो. मी वेगात, तो त्याच्या चालीनं. त्यानं हलकेच पाय लावून मला पाडलं, वाळूत बसकण. लोक हसले. दोन मिनिटांनी पुन्हा पाडलं. माझ्याच वर्गातल्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. आणि मग तो थांबला. हात पुढे, तळवा माझ्याकडे, चेहरा शांत. मी हात जमिनीला टेकले, गर्रकन उलटी वळले आणि टाच मारली.

जबडा मोडला, दोन दात गेले. पिवळा टी-शर्ट पुढून लाल झाला. वाजवणारे थांबले. मी ओरडून म्हटलं, "खेळात असं मध्येच थांबतात का? मला काय माहीत!" राजरत्न तोंडावर हात दाबून खाली बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं, तरी त्यानं दुसरा हात हलवून आपल्या माणसांना मागं केलं. पुढे बोलता यायला लागल्यावर तो सगळ्यांना सांगायचा, "तिच्याकडे हाक शिकवत नाहीत. तिला ठाऊक नव्हतं. मीच विचार न करता थांबलो, चूक माझी." उपनगरातल्या झाडून सगळ्या वर्गांत हेच पसरलं. तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी ते निमूटपणे पांघरून घेतलं. इतकंच नाही, ते खोटं खरं राहावं म्हणून मी आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याला हाक शिकवलेली नाही. मोठमोठ्या दोऱ्या बांधून माझी मुलं बाहेर पडली आणि समोर कुणी हात पुढे केला तर काय करायचं, हे त्यांना येत नाही. त्यांतली काही हे वाचतील. बाळांनो, मला माहीत होतं. मी हात बघितला होता. मी बघून मारलं.

त्यानंतर आमचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं. चौदा एप्रिलला मी त्याला 'जय भीम' पाठवायचे, गणपतीत तो 'मोरया' पाठवायचा. माफी मागायची हे दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहायचं. यंदा मनीषानं कळवलं की सरांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, फार पुढे गेलाय.

मी भेटायला गेले तो रविवार होता. चौथ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट बंद. त्याची बायको वंदना दार उघडून आत गेली. पलंगावर राजरत्न एवढासा झाला होता. उंची तेवढी उरली होती, बाकी काही नाही. "ये नीते," म्हणाला, "अजून ओरडतेस का मुलांवर?" मी म्हटलं, "ओरडते. तू अजून त्यांना नुसतं बसवतोस का?" तो म्हणाला, "आता मीच पडून असतो यार." आम्ही हसलो. मग मी वेड्यासारखी नको ते बोलत बसले... रस्त्याची खोदकामं, शाळेचे नवे मुख्याध्यापक, माझ्या मुलीची बारावी. ओठांवर होतं ते सोडून सगळं. मध्येच त्यानं चादरीतून उजवा हात काढला आणि जरासा वर धरला. मला वाटलं, पाणी हवंय. मी लगबगीनं बाटली त्याच्या हातात दिली. तो बाटलीकडे बघत राहिला, मग त्यानं माझ्याकडे बघितलं. एक घोट घेतला आणि "थँक्यू" म्हणाला.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं. पाणी मागणारा माणूस बोटं वळवतो. त्याचा तळवा माझ्याकडे होता.

वर जायला दोनच मजले होते. मी कठडा धरून उभी राहिले. खालून कुणीतरी भाजीच्या पिशव्या घेऊन आलं, त्यांना वाट दिली. मग स्वतःशी म्हटलं, पुढच्या रविवारी नीट येऊ, सगळं बोलू. आणि उतरले. तो शनिवारी गेला.

स्मशानात त्रिसरण झालं, त्याच्या माणसांनी पिवळे टी-शर्ट खोचून घातले होते. मी सर्वांत मागे उभी होते. मनीषा येऊन शेजारी उभी राहिली, तेव्हा तिलाही मी काही सांगू शकले नाही.

पाच आठवड्यांनी वंदनाचा फोन आला. घराला रंग काढायचाय, वर्गाची वाद्यं मनीषा घेऊन गेली, तुझी म्हणून काही पुस्तकं आहेत, ने. मी गेले. तिनं चहा ठेवला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "वंदना, त्या दिवशी मला माहीत होतं." ती गाळणं हातात धरून म्हणाली, "मला काय सांगतेस? जबडा बांधलेला होता तेव्हा त्यानं कागदावर लिहून दाखवलं होतं. 'तिनं बघितलं होतं, कुणाला सांगू नको.' एवढंच." मग कप पुढे सरकवत, "मला तुझा राग होता. अजून आहे. जाणार नाही तो." मी मान हलवली. तिचं बरोबरच होतं.

बाहेरच्या खोलीतलं सामान रंगासाठी मधोमध ओढलेलं होतं. कपाट हललं होतं त्याच्या बाजूच्या भिंतीवर एक काळपट डाग दिसत होता, हाताएवढा, तेलकट, डिस्टेंपर गुळगुळीत झालेला. मी विचारलं, हे काय. वंदना म्हणाली, "तिथे तो सराव करायचा. रोज सकाळी, लॅबला जायच्या आधी. हात पुढे करायचा, चालत यायचा, तळवा लावायचा. वर्षानुवर्षं. मी म्हणायचे भिंत खराब होते." डाग बराच खाली होता. एवढ्या उंच माणसाला तिथं हात लावायचा तर चांगलं वाकावं लागलं असतं. माझ्या चेहऱ्यावरून वंदनाला ते कळलं असावं. "मी पण विचारलं होतं," ती म्हणाली, "एवढं वाकून कशाला? तर म्हणाला, समोरची बुटकी आहे."

ती कप विसळायला आत गेली. मी भिंतीजवळ गेले, मला वाकावं लागलं नाही. हात सरळ पुढे केला आणि तो डागावर बसला. तीन पावलं पुढं, तीन पावलं मागं चालायचं असतं, पण भिंतीला ते कसं जमणार? मी तशीच उभी राहिले आणि माझ्या तोंडून, जरा मोठ्यानंच, "ओ" निघालं.

नळ बंद झाला. आतून वंदनानं विचारलं, "काय गं? कुणी हाक मारली?"