आगळ घातलेली बिअर

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. पातेल्यात पाचवी गोष्ट पडली की ती बिअर नाही. हे मला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या जर्मन आजोबांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि पुढची दोन वर्षं सांगतच राहिले. बव्हेरियातला शेकडो वर्षांचा कायदा आहे तो, आणि आजोबांनी चाळीस वर्षं ब्रुअरीत काम केलेलं. त्यांच्याशी वाद घालणार कोण? मी घातला.

आमच्या रेगेन्सबर्गच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जुनी कपडे धुण्याची खोली आहे. आता तिथे कुणी कपडे धूत नाही. आजोबांनी तिथे आपलं मोठं पातेलं मांडलं होतं. एकदा त्यांचा थर्मामीटर मी दुरुस्त करून दिला, तेव्हापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, किती गरम पाण्यात किती वेळ ठेवायचं, हॉप्सची कडू फुलं कधी टाकायची, गार करताना घाई का करायची नाही, सगळं. सहा महिन्यांनी त्या खोलीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला पगारवाढीपेक्षा जास्त आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापात वस्तू बसते की नाही हे बघायचं आणि नसेल बसत तर ती बाजूला काढायची, हे माझं काम. घरी आल्यावर तरी मला काहीतरी माझ्या मनाने करायचं होतं. म्हणून एक दिवस आजोबांना विचारलं, यात फळ घातलं तर?

"फळ केकमध्ये घालतात," ते म्हणाले. विषय संपला.

हे झालं खालचं. वर माझ्या सासूबाई आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी, रत्नागिरीहून. त्यांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "तू कारखान्यात जातेस त्याचं मला कौतुक आहे. पण सून घरात दारू गाळते हे मी कुणाला सांगू?" माझ्या बाटल्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवायच्या नाहीत, असा पहिल्याच आठवड्यात हुकूम निघाला. बाटल्या केलरमध्ये गेल्या. नवरा म्हणाला, "तू आईशीही वाद घालू नकोस आणि आजोबांशीही." स्वतः मात्र शुक्रवारी गुपचूप खाली जाऊन दोन बाटल्या संपवून यायचा. मोठा शहाणा.

सासूबाईंनी येताना कोकमाच्या लालभडक रसाच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. चिठ्ठी नाही, नाव नाही. मी नागपूरची. आमच्याकडे संत्रं. कोकम म्हणजे लग्नात स्टीलच्या पेल्यातून मिळतं ते गोड सरबत, एवढंच माझं ज्ञान. म्हटलं, हा सरबताचा अर्क आहे, यात साखर असणार, यीस्टला खायला मिळेल आणि बिअरला रंग येईल. सासूबाईंना न विचारता एक बाटली उचलली आणि बिअर आंबून शांत झालेल्या माझ्या वीस लिटरच्या पिंपात अख्खी ओतली.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. पिंपाच्या झाकणावरच्या नळीत एक बुडबुडा येईना. साखर पडली असती तर यीस्टने धुमाकूळ घातला असता. चौथ्या दिवशी चव घेतली आणि तोंड वाकडं झालं. खारट! ते सरबत नव्हतंच. ते आगळ होतं, सोलकढीचं, मीठ घालून टिकवलेलं. कोकणात हे शेंबडं पोरही सांगेल. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं असं कोकणातल्या माणसाला वाटतच नाही.

पिंप मोरीत उलटं करायला हात घातला होता. मग म्हटलं, अजून एक घोट घेऊन बघू. आंबट, गार, शेवटी जिभेवर मीठ. तिसरा घोट मी चुकून घेतला नाही, आवडला म्हणून घेतला. आणि त्याच क्षणी ठरवलं की ही फेकायची नाही. बाटल्या भरल्या.

आजोबांना रंगावरूनच कळलं. बाटली उजेडात धरून त्यांनी विचारलं, "यात काय आहे?" मी सांगितलं. मीठसुद्धा सांगितलं. वर हेही ऐकवलं की लाइपझिगला, तिकडे सॅक्सनी प्रांतात, मीठ आणि धणे घालून बिअर करतात आणि ते लोकही जर्मनच आहेत.

"ते सॅक्सन आहेत," आजोबा म्हणाले. मग खूप शांतपणे म्हणाले, "शनिवारी अंगणात हे टेबलावर आलं, तर सोमवारी किल्ली माझ्या पत्रपेटीत टाका."

शनिवारी आमचं होफफेस्ट होतं. वर्षातून एकदा सगळी इमारत अंगणात बाकं मांडून एकत्र जेवते. आजोबांचं पिंप दर वर्षी मधोमध असतं. किल्ली गेली की माझं सगळंच गेलं, कारण सासूबाई असताना वरच्या स्वयंपाकघरात मला पातेलं चढवायची सोय नव्हती. नवरा म्हणाला, "नको नेऊस खाली. काय फरक पडतो?"

फरक पडतो. वर ती दारू म्हणून चालत नाही आणि खाली ती बिअर नाही म्हणून चालत नाही. म्हणजे मी हाताने केलेली वस्तू ठेवायला या इमारतीत टीचभर जागा नाही? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी दुपारी मी क्रेट उचलला आणि आजोबांच्या पिंपाच्या शेजारीच ठेवला. पुढे कागद लावला: बिअर, कोकम आणि मीठ घालून.

आजोबांनी एक ग्लास भरून घेतला, उन्हात धरला आणि चव न घेता खाली ठेवला. "ही बिअर नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग कोण हात लावतंय? सगळे एकदम बटाट्याच्या सॅलडकडे वळले. मी क्रेटपाशी उभी राहिले. रडू येत होतं, पण तिथून हलायचं नाही एवढं पक्कं होतं.

सासूबाई साडीवर स्वेटर घालून बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "ते काय म्हणाले गं?"

"म्हणाले, ही बिअर नाही."

"नक्की तसंच म्हणाले?"

"हो, आई."

त्यांनी आजोबांकडे एकदा बघितलं. "चाळीस वर्षं ह्यातच घालवलेला माणूस सांगतोय की बिअर नाही. मग मला द्यायला काय हरकत आहे? आण इकडे."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी ग्लास हातात घेतला, आधी वास घेतला, मग एक घोट, मग दुसरा. "आगळाची बाटली कुठे गेली ते आत्ता कळलं," त्या म्हणाल्या. "मीठ बेताचं आहे. जिरं हवं होतं." मग ग्लास आजोबांच्या दिशेने उचलून मला म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्या घरचं आगळ आहे. चव घ्या आणि मग नाक मुरडा."

मी शब्द न् शब्द सांगितला, उलट थोडं तिखट लावूनच. पाहुण्या म्हातारीला नाही कसं म्हणणार? आजोबांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. "बिअर नाहीच," ते म्हणाले आणि उभ्याउभ्या ग्लास रिकामा केला. त्यानंतर क्रेटपाशी माणसं यायला लागली.

तरी सोमवारी सकाळी मी किल्ली पत्रपेटीत टाकली. त्यांनी त्यांचा नियम सांगितला होता आणि मी तो समजून उमजून मोडला होता. मागायला जायचं नाही, माफी तर नाहीच. उरलेल्या सहा बाटल्या आणि माझं रिकामं पिंप वर आणून बाल्कनीत ठेवलं आणि कामावर गेले. दिवसभर फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला. दुधाच्या शेजारी सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. ओट्यावर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

"बाल्कनीत ऊन येतं," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "खराब झाल्या असत्या."

"आई, ती दारू आहे."

"त्या माणसाने नाही म्हणून सांगितलंय ना? मग झालं." त्यांनी मान वर केली नाही. "आगळाची दुसरी बाटली वरच्या फळीवर आहे. या वेळी विचारून घे."