मुनाऱ्यावरचा तितर

नागपूरहून बऱ्हाणपूरला उतरले, तर मामा फलाटावरच म्हणाले, "बरं झालं आलीस. इंग्रजी वाचायला माणूस पाहिजेच होता."

माझी सुट्टी तिथेच संपली.

शनवारा बाजारात मावा जिलेबी खाताना उलगडा झाला. जंगल नाक्यावर शिकारीचं नवं पत्रक आलं होतं, तेही इंग्रजीत. नाकेदार ते खिशात घेऊन फिरत होता. वाचलं कोणीच नव्हतं, मराठी शाळेत मास्तर असलेल्या मामांनीही नाही. भांडणं मात्र त्याच्याच आधाराने चालली होती.

सकाळी मामा, मी, कुत्रा आणि आजोबांची बंदूक टांग्यातून निघालो. ती बंदूक मामा मुलीसारखी सांभाळत. केळीच्या बागा संपल्यावर सरकारी पडीत रान लागलं. मधोमध चुना फासलेला मुनारा (हद्दीचा दगड) होता.

"पलीकडे इंदूर संस्थान होतं. तिकडे होळीनंतर शिकार बंद, इकडे चालू. म्हणून कुत्रा त्या राज्यातून पक्षी उठवतो, बंदूक या राज्यात. तुझे आजोबाही असंच करायचे."

"पण छप्पन्न साली दोन्ही मिळून एकच राज्य झालं ना?"

"ते भोपाळला!"

बार झाला. तितर पडला, आणि त्याच्या मागोमाग सायकलवर नाकेदार आला.

"मास्तर, बंदूक जमा करा. पक्षी तिकडचा आहे."

"अरे भाई, इकडचा आहे!"

पत्रक माझ्या हातात आलं. उन्हात उभी राहून मी मराठीत सांगितलं: नवे नियम होईपर्यंत जुनेच आपापल्या हद्दीत चालतील. बसलेल्या पक्ष्यावर बार टाकल्यास मात्र कुठेही बंदूक जप्त होईल.

दोघांनी पहिलं वाक्य उचललं आणि पावलांनी जमीन मोजायला घेतली. अर्धा तास गेला. मला तहान लागली होती.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, तितर कोणीकडून उडाला?"

चारचौघांत बोलायचं मी टाळते. बोललेच तर विचारलं तेवढंच.

"उडाला नाही. मुनाऱ्यावर बसला होता."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग रुमालाने बंदुकीचा दस्ता पुसला आणि ती नाकेदाराच्या हातात दिली.

परतीच्या दिवशी ते स्टेशनवर आले, हातात जिलेबीचा पुडा आणि एक कोरा फॉर्म. "बंदूक सोडवायचा अर्ज आहे. इंग्रजीत. आता तूच भर."

गाडी नागपूरला पोहोचेपर्यंत मी सगळे रकाने भरले. 'घटनेचं ठिकाण: जुनी हद्द, अलीकडे की पलीकडे?' एवढा एकच अजून कोरा आहे.