दत्तूकाकांचं तिकीट

दुपारचे अडीच. भाचीला झोपवता झोपवता मीच झोपत चाललोय, ही आमच्या घरातली जुनी पद्धत आहे. माझ्या छातीवर निमकर मॅडमनी दिलेला चित्रांचा कागद आहे: कप, कावळा, केळं. जाई पाच वर्षांची झाली तरी 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' करते, म्हणून ताईने तिला उच्चार शिकवणाऱ्या या मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, "सरावाने येईल हो. पण ती बोललीच नाही, तर मी सुधारू काय?"

जाई रविवारपासून बोलत नाही. रविवारी तिच्या वाढदिवसाला मी तिची नक्कल केली. "तेत तापूया!" चाळीस माणसं हसली. माझा आजवरचा सगळ्यात यशस्वी प्रयोग.

पंखा फिरतोय. टिक टिक. टिक टिक. पंख्याचा आवाज असा नसतो. असा आवाज एसटीच्या कंडक्टरच्या चिमट्याचा, तिकिटाला भोक पाडायच्या.

"तुठं जायचंय?"

दत्तूकाका. खाकी सदरा, खांद्याला चामड्याची बॅग. वारून सहा वर्षं झाली, पण ड्युटीवर आहेत. त्यांनाही जन्मभर 'क' आणि 'ग' आले नाहीत. लग्नाकार्यात मी त्यांची नक्कल करायचो आणि सगळ्यांत जास्त तेच हसायचे. मग ते स्टॉप पुकारायचं सोडून नुसती बेल मारू लागले. मग घरीसुद्धा बोट दाखवून भाजी मागू लागले. आम्हाला वाटलं, वयाने माणूस शांत होतो.

"काका, तुम्ही गेलात ना?"

"हो. पण रजा मंजूर झाली नाही. बोल, तुठं?"

'कुर्डुवाडी' म्हणायला मी तोंड उघडतो. बाहेर येतं, "तुर्डुवाडी."

अख्खी गाडी हसते. वळून बघतो तर सीटांवर लग्नाची पंगत बसलीय, मांडीवर जिलेबीची ताटं. सगळ्यांच्या तोंडात माझे दात आहेत.

मी पुढचा शब्द गिळतो आणि खिडकीकडे बोट दाखवतो.

"बरोबर," काका म्हणतात. "असंच सुरू होतं."

खिडकीबाहेर मॅडमच्या खोलीतला भिंतभर आरसा आहे. आम्ही त्याच्यासमोर लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसलोय, गुडघे हनुवटीला लागलेत. काका माझ्या तोंडात बॅटरी मारून आत बघतात, बोगद्यात बघावं तसं.

"जीभ मादून वर उचलायची असते म्हणे. मला हे तुणी सांदितलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं होतं. तू हसलास."

आरशात मी एकटाच दिसतो. काकांचा फक्त चिमटा दिसतो, हवेत.

"काका, मी..."

"माझा स्टॉप मादे राहिला रे. तिचा येतोय. बेल तू मारू नतोस. तिला पुतारू दे."

ते चिमटा माझ्या जिभेवर ठेवतात. टिक.

मी जागा होतो. जाई उशाशी बसलीय, कागद तिच्या हातात. कपाच्या चित्राला मधोमध गोल भोक आहे आणि त्यातून ती एका डोळ्याने माझ्याकडे बघतेय.

माझ्या जिभेला, पार मागे, काहीतरी चिकटलंय. बोट घालून काढतो. टिकलीएवढा गोल कागद, ओला, त्यावर कपाची निळी रेघ.

जाई भोकाकडे बोट दाखवते. बोट तसंच राहतं. मला वाट बघायची सवय नाही. तोंडात तीन विनोद येऊन उभे आहेत. मी मूठ आवळून बसतो, ओल्या कागदासकट.

"हे तुणी तेलं?" जाई विचारते.

"दत्तूकाकांनी."

"तोण दत्तूताता?"

आणि मी, जन्मात पहिल्यांदा, त्यांच्यासारखं बोलून न दाखवता त्यांच्याबद्दल सांगू लागतो.